‘गावी परत जा’ : कुडचड्यातल्या एका घराचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगायला हवं की हे कुणा एका खऱ्या कुटुंबाचं प्रकरण नाही. गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांपुढे जे प्रश्न येतात ते एकत्र आणून, अभ्यासासाठी हे घर रचलं आहे. माणसं आणि त्यांचे आकडे रचलेले आहेत. खाणबंदीच्या तारखा, कायद्याचे नियम आणि शास्त्रातले संदर्भ मात्र खरे आहेत. मंडळीत वडील (म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ), पाळक किंवा घरगुती संगतीचे पुढारी म्हणून जबाबदारी घेणाऱ्यांनी हे वहीपेन जवळ ठेवून वाचावं.

घर आणि वेळ

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. खाणी थांबण्याची ही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्येही सगळं बंद झालं होतं. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टन खनिजाची मर्यादा घालून परवानगी दिली आणि पुढच्या हंगामांत चाकं हळूहळू फिरू लागली. त्या बंदीत ज्यांनी घाईने ट्रक विकले ते नंतर हळहळले, ज्यांनी कसाबसा धरून ठेवला ते तरले. म्हणून २०१८ ला कुडचडे-सावर्डे भागात जो तो एकच सांगत होता : धरून ठेवा, पुढच्या हंगामात सुरू होईल. मागच्या वेळचा धडा या वेळी लागू पडेलच असं नसतं. हे त्या गर्दीत कुणी बोलत नव्हतं, आणि मंडळीतही कुणी बोललं नाही.

घरातले भाऊ ४६ वर्षांचे. कोल्हापूर जिल्ह्यातून २००१ मध्ये आले, चौदा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि २०१५ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून जुना टिप्पर घेतला. नदीकाठच्या जेटीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत लोक त्यांना ‘मालक’ म्हणू लागले. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे. ताई घरी शिवणकाम करतात आणि रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. मुलगी बारावी सायन्सला, मुलगा आठवीत, सोबत ७४ वर्षांची आई. १६ कुटुंबांची मराठी मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरते. भाऊ तिथे वडील आहेत, महिन्यातून एकदा वचनही (प्रवचन) देतात.

ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी, ८ एप्रिलला, साक्षीच्या वेळी (मंडळीपुढे आपला अनुभव सांगायच्या वेळी) भाऊ उभे राहिले. तीन आठवडे झोप नव्हती, असं ते म्हणाले. पहाटे तीन वाजता गुडघे टेकून बायबल उघडलं, तेव्हा उत्पत्ती ३१ मधलं तिसरं वचन समोर आलं. त्यात परमेश्वर याकोबाला सांगतो की आपल्या पूर्वजांच्या देशी, आपल्या नातलगांकडे परत जा, मी तुझ्याबरोबर असेन. “प्रभूने मला सांगितलं, गावी परत जा. मे महिन्यात आम्ही निघतो.”

हॉलमध्ये ‘आमेन’ झालं. एका बहिणीने लगेच सांगितलं की तिलाही स्वप्नात सामान भरलेला टेम्पो दिसला होता. दुसऱ्या कुणीतरी निरोपाच्या भेटीसाठी वर्गणी काढायचं सुचवलं. ताई बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मे महिन्यात निघायचं आहे हे त्यांना तिथेच, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळलं.

पहिल्या रविवारी काय चुकलं

बायबल उघडताच जे वचन दिसलं ते आज्ञा म्हणून घेतलं, ही भावांची चूक. ती सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर फार थांबत नाही. देव अशा वेळीही बोलू शकतो. पण बोट पडलं म्हणून वचन लागू होत नाही.

मोठी चूक मंडळीची होती. ‘प्रभूने मला सांगितलं’ या तीन शब्दांनंतर चर्चेला जागाच उरत नाही. जो शंका काढेल तो देवाशी वाद घालतोय असं दिसतं. पौलाने थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत (१ थेस्स. ५:१९-२१) : आत्म्याला विझवू नका, आणि सगळ्याची पारख करा. मंडळीने त्या दिवशी पहिली पाळली आणि दुसरी सोडली. स्वप्न आणि वर्गणी यांनी भावांच्या मागचा दोरच कापला. आता मागे फिरायचं तर चारचौघांत तोंड दाखवायची पंचाईत.

पाळकांचीही एक चूक होती आणि ती जुनी होती. मागच्या बंदीपासून मंडळीत दर बुधवारी एकच प्रार्थना चालली होती : प्रभू, खाणी सुरू कर. ही प्रार्थना करण्यात गैर काहीच नाही. पण तिच्याशेजारी ‘नाही सुरू झाल्या तर आम्हाला काय शिकव’ ही प्रार्थना कधी बसली नाही. त्यामुळे खाणी सुरू होणं म्हणजे देवाची कृपा आणि बंद होणं म्हणजे सैतानाचा हल्ला, एवढाच हिशेब लोकांच्या मनात बसला. अशा मनाला बदल आला की दोनच वाटा दिसतात, चिकटून राहायचं किंवा पळून जायचं.

सोमवारी संध्याकाळी पाळक घरी गेले. त्यांनी वचन खोडून काढलं नाही, हे त्यांचं शहाणपण. “भाऊ, वचन पक्कं धरा,” ते म्हणाले. “फक्त पुढचं वचनही वाचा. मोठ्याने वाचा.”

भावांनी चौथं वचन वाचलं. याकोबाने माणूस पाठवून राहेल आणि लेआ यांना शेतात, आपल्या कळपाकडे बोलावून घेतलं. मग पाचपासून तेरापर्यंत तो त्यांना सगळं सांगतो : तुमच्या बापाने कसं फसवलं, माझी मजुरी दहा वेळा कशी बदलली, देव काय बोलला. चौदापासून सोळापर्यंत त्या दोघी उत्तर देतात आणि शेवटी म्हणतात, देवाने सांगितलं तसं कर. सतराव्या वचनात याकोब उठतो. हाक आणि निघणं यांच्यामध्ये बायकांशी झालेलं अख्खं बोलणं आहे. आणि विसाव्या वचनात, लाबानाला न सांगता तो चोरून निघतो. तिथून पुढचा पाठलाग आणि भांडण त्या लपवाछपवीतूनच आलं.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच होता. ताई म्हणाल्या, “अहो, मला शेतात बोलवायचं राहिलं तुमचं.”

इथून प्रकरण वळलं.

सहा आठवड्यांचा ठराव

९ एप्रिल ते २० मे हे सहा आठवडे ठरले. या काळात घर सोडायचं नाही, ट्रक विकायचा नाही, आगाऊ पैसे कुणाला द्यायचे नाहीत. वर्गणी थांबवली. भावांनी सहा आठवडे वचन द्यायचं नाही. ही शिक्षा नसून मोकळीक आहे, असं वडीलमंडळाने सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, नाहीतर कुजबुज सुरू होते. ‘प्रभूने सांगितलं’ ऐवजी या काळात ‘मला असं वाटतंय, पारखून सांगा’ असं म्हणायचं. शब्द एवढासाच, पण त्याने दार उघडं राहतं.

पहिला आठवडा फक्त झोप, जेवण आणि हिशेब यांचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला नवं काम आधी दिलं नाही. दोनदा खायला घातलं आणि दोनदा झोपू दिलं, होरेबचा प्रवास आणि प्रश्न मागाहून आले (१ राजे १९). तीन आठवडे न झोपलेल्या माणसाने देवाची इच्छा शोधू नये, आधी झोपावं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याने आध्यात्मिक साधनेच्या नियमांत हेच आखून दिलं आहे : मन कोरडं, अस्वस्थ, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, शांत असताना जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहावं. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर याच माणसाचा सोबती. प्रोटेस्टंट घरांत हे नाव कमी घेतलं जातं, पण हा नियम कुणीही घ्यावा असा आहे. इथे तो जपून लावावा लागतो, कारण ट्रक थांबलेला आहे आणि हप्ता थांबत नाही. म्हणून सहा आठवडे. सहा महिने नव्हेत.

हिशेब ताईंच्या वहीत मांडला गेला. महिन्याचा खर्च : भाडं ६,५००, किराणा आणि गॅस ९,०००, आईची औषधं १,८००, वीज-पाणी १,२००, मुलाची शाळा आणि शिकवणी २,०००, पेट्रोल-फोन १,५००. एकूण २२,०००. शिवणकामाचे ७,००० येतात, म्हणजे दरमहा १५,००० ची खोट. त्यावर ट्रकचा हप्ता १९,५००. शिल्लक ४८,०००. हप्ता भरत राहिले तर दीड महिनाही निघत नाही. कर्ज : पतसंस्थेचं ३,४०,०००, बांगड्या गहाण टाकून काढलेले ६०,०००, मंडळीतल्या एका भावाकडून हातउसने २५,०००.

आणि मग एक ओळ अशी निघाली जी ताईंना माहीत नव्हती. मार्चअखेर भावांनी आखातात ड्रायव्हरच्या नोकरीसाठी एका एजंटला १५,००० आगाऊ दिले होते. एकूण १,१०,००० मागितले होते. गावी जाण्याची आज्ञा मिळालेल्या माणसाने त्याच्या आधीच आखातासाठी पैसे भरले होते. हे कळल्यावर ताई रात्रभर बोलल्या नाहीत.

त्या रात्रीने पारखीत सगळ्यात मोठं काम केलं, असं आमचं मत आहे. तीन आठवड्यांत भाऊ दोन दिशांना धावले होते, म्हणजे त्यांना दिशा मिळालेली नव्हती, त्यांना फक्त तिथून निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं : “रांगेतले लोक आता नजर चुकवतात. मला तिथे उभं राहवत नाही.” देवाची हाक माणसाला कुठेतरी नेते. भीती फक्त इथून हलवते, कुठे ते तिला ठाऊक नसतं. दोन्हींत सामान बांधावं लागतं, म्हणून बाहेरून फरक कळत नाही.

एजंटबद्दल व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकावी. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. हा एजंट तिथे सापडला नाही. चार फेऱ्या मारून ५,००० परत मिळाले, बाकीचे गेले.

दुसऱ्या आठवड्यात दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत तीन पर्याय लिहिले : गाव, आखात, इथेच दुसरं काम. प्रत्येकाखाली चार प्रश्न. यात कुणाचं भलं होईल, कुणावर भार पडेल, देवाने आधीच सोपवलेली कोणती जबाबदारी सुटेल, आणि यामागे मला कशाची लाज किंवा हाव आहे? शेवटचा प्रश्न लोक टाळतात, आणि तोच कामाचा असतो. वह्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत, दोन्ही पाळकांसमोर एकदमच उघडायच्या. एकत्र बसून लिहिलं की जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत दोन हस्ताक्षरांत उतरतं. मुलांनाही विचारलं. मुलीने एक ओळ लिहिली : बांबोळीला नर्सिंगचा अर्ज भरायचा आहे, दोन महिन्यांपासून सांगायचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सल्ला घेतला. माणसं निवडताना एकच कसोटी ठेवली होती : या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा नाही असा माणूस. गावचा धाकटा भाऊ या कसोटीत बसत नव्हता. त्याला शेतात हात हवा होता आणि त्यात काही वाईट नव्हतं, पण तो तटस्थ नव्हता. निवडले ते तिघे असे : पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, खाणकाम सुटल्यावर गावी गेलेली आणि परत आलेली एक बहीण, आणि शेजारचे कॅथलिक आजोबा. आजोबांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला आहे. आजोबांनी फार मोलाचं सांगितलं : १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या घरांना ते दार आहे, तुम्हाला नाही, तेव्हा आमच्या मुलांकडे बघून स्वतःला मागे पडलेले समजू नका. खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांची अस्वस्थता शेजारच्या बॅगा बघून वाढते.

गावातले आठ दिवस

चौथा आठवडा या प्रकरणाचा कणा आहे. भाऊ आणि ताई दोघेही आठ दिवस गावी गेले, नवस-शपथ न घेता, नुसतं बघायला. निर्णयाआधी लहान पाऊल टाकून बघणं हा अविश्वास नाही. गिदोनाने चिन्हासाठी पसरलेली लोकर इथे काहीजण पुढे करतात (शास्ते ६), पण ती नीट वाचावी. गिदोनाला देवाची आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती आणि तरी तो चिन्ह मागत होता. देवाने ते त्याच्या अशक्तपणाकडे बघून दिलं. आठ दिवस गावी राहणं म्हणजे देवाला अट घालणं नव्हे, हाताने चाचपून बघणं आहे.

भावांच्या मनात शेत असं होतं : एकूण ९० गुंठे, दोघे भाऊ, म्हणजे ४५ गुंठे आपले, आणि विहीर. तलाठ्याकडून सातबारा काढला तर त्यावर अजून वडिलांचंच नाव. वडील २०११ मध्ये गेले आणि वारसनोंद कुणी केलीच नव्हती. मृत्युपत्रही नव्हतं. भारतीय ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे आईचे ३० गुंठे, आणि दोन भाऊ व एक बहीण यांचे प्रत्येकी २०. बहीण जत तालुक्यात दिलेली, तिचा हिस्सा कुणाच्या हिशेबातच नव्हता. वीस गुंठ्यांवर चार माणसांचं घर चालत नाही.

इथे भाऊ रागावले. हे दार बंद झालं असं म्हणून लगेच उलट टोकाला गेले : मग प्रभूची इच्छा गोव्यातच राहायची आहे. पाळकांनी तेही थांबवलं, आणि ते बरोबरच होतं. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरावंच लागतं असं नाही. त्रोवसात पौलासाठी दार उघडलं होतं, पण सोबती तीत भेटला नाही, जिवाला चैन पडेना, आणि तो तिथून निघाला (२ करिंथ २:१२-१३). तसंच अडचण दिसली म्हणून दार बंद आहे असंही नाही. इफिसात मोठं दार उघडं आहे आणि विरोधी पुष्कळ आहेत, असं तोच लिहितो, आणि तिथे राहतो (१ करिंथ १६:८-९). परिस्थिती ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

प्रेषितांची कृत्ये १६ हा भाग वडीलमंडळाने याच आठवड्यात एकत्र वाचला. आशियात बोलायला मनाई, बिथुनियाकडे जायला मनाई, मग त्रोवसात रात्रीचा दृष्टान्त. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण दहाव्या वचनात निष्कर्ष काढतात ते ‘आम्ही’. आणि मासेदोनियात पोचल्यावर भेटला कोण? दृष्टान्तातला माणूस नव्हे, नदीकाठी प्रार्थनेला बसलेल्या बायका आणि त्यांत लुदिया. पुढे तर फटके आणि तुरुंग. खरं मार्गदर्शनही चित्रात दिसलं तसंच उतरेल अशी हमी नसते, आणि त्रास झाला म्हणून ते खोटंही ठरत नाही.

सासष्टीतल्या बाणावलीत जन्मलेल्या जोसेफ वाझ या धर्मगुरूंचं उदाहरण गोव्यात सगळ्यांना जवळचं आहे. श्रीलंकेतल्या छळ सोसणाऱ्या मंडळीकडे जाण्याची ओढ त्यांना होती, पण १६८१ मध्ये वरिष्ठांनी त्यांना कानडा मुलखात पाठवलं. ते गेले, तिथलं काम केलं. श्रीलंकेत पोचले ते १६८७ मध्ये, तेही मजुराच्या वेषात. हाक खरी होती आणि तरी मधे सहा वर्षं होती. १७११ मध्ये कँडीत ते वारले. २०१५ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. मे महिन्यातच निघायला हवं असं वाटणाऱ्या प्रत्येकाने ही सहा वर्षं मोजावीत.

निर्णय

पाचव्या आठवड्यात एक साधा प्रयोग केला. दोन दिवस दोघांनी असं वागायचं, जणू गावी जायचं ठरलं आहे. पुढचे दोन दिवस, जणू आखात ठरलं आहे. मग दोन दिवस, जणू इथेच राहायचं. रोज रात्री दोन ओळी : मन कशाने हललं, झोप कशी लागली, प्रार्थनेत काय बोलावंसं वाटलं. सातव्या दिवशी उपास. हा प्रयोग दमलेल्या मनाने करू नये, म्हणून तो पाचव्या आठवड्यात. पहिल्यात केला असता तर भीतीच तीन वेगवेगळ्या आवाजांत बोलली असती.

इथे राहण्याच्या दोन दिवसांखाली भावांनी लिहिलं होतं : “झोप लागली. पण लाज वाटते.” बाकी चार दिवसांत लाज नव्हती आणि झोपही नव्हती. पाळकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. या घराला जागा बदलायची नव्हती. ‘मालक’ हा शब्द सोडायचा होता. तो बदल बंद खोलीतला असतो, त्याला टेम्पो लागत नाही, म्हणून माणूस त्याच्याऐवजी गाव बदलायला तयार होतो.

२० मे ला वडीलमंडळापुढे निर्णय झाला. ट्रक विकायचा, घर कुडचड्यातच, भाऊ एका खाजगी शाळेच्या बसवर पगारी ड्रायव्हर म्हणून जूनपासून. पगार १४,०००, सुट्टीच्या महिन्यात निम्मा. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र (२९:४-७) त्या दिवशी वाचलं : घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित चिंता. त्याच्या आधीच्याच अध्यायात खोटा संदेष्टा हनन्या दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. ‘पुढच्या हंगामात सुरू होईल’ म्हणणाऱ्यांशी हे फार मिळतं.

ट्रक बेळगावकडच्या एका खडी-वाळूवाल्याने ३,१५,००० ला घेतला. पतसंस्थेला २५,००० कमी पडले. गहाण बांगड्या विकून ६०,००० चं कर्ज फिटलं आणि वर २२,००० उरले. ते आणि शिलकीतले ३,००० घालून खातं बंद केलं. इथे घाई करणारे अडकतात, म्हणून क्रम सांगतो. आधी पतसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवायचा. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ने आरटीओची ना-हरकत. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. नाव बदलायच्या आधी गाडी दिली आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा नोंदणीवरच्या मालकाच्या दारात येतो. रविवारी साक्ष द्यायची म्हणून शनिवारी किल्ली देऊ नये.

मंडळीत सांगायचं कामही भावांनीच केलं. ३ जूनच्या उपासनेत ते म्हणाले की ८ एप्रिलला मी घाई केली, वचन खरं होतं, मी ते अर्धंच वाचलं. एजंटचे पैसेही सांगितले. टेम्पोचं स्वप्न पाहणाऱ्या बहिणीला कुणी कमी लेखलं नाही. वडीलमंडळाने एवढंच ठरवलं की यापुढे अशा गोष्टी आधी पाळकांजवळ सांगायच्या, साक्षीच्या वेळी नव्हे.

सहा महिन्यांनी

निर्णयाच्या कागदावर आढाव्याची तारीख आधीच लिहिली होती : १६ डिसेंबर २०१८. तारीख नसलेला निर्णय एकतर हट्ट होतो नाहीतर रोज उकरला जातो. गणना ९ मध्ये इस्राएलांना वाट दाखवणारा मेघ कधी दोन दिवस थांबतो, कधी महिना, कधी वर्ष. तो हलला की उठायचं, थांबला की तंबू ठोकायचा. थांबणंही त्याच्याच आज्ञेने होतं, हे त्या अध्यायात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

खाणी सुरू झालेल्या नव्हत्या. हिशेब असा : पगार १४,०००, शिवणकाम ९,००० वर गेलं, सुट्टीच्या दिवशी पिकअपच्या खेपांचे सरासरी ३,०००. खर्च २२,००० आणि हातउसन्याचे महिना २,०००; जुलैपासून सहा हप्ते गेले, १३,००० बाकी. सुट्टीच्या अर्ध्या पगारासाठी दरमहा १,००० वेगळे काढायचे होते, ते दोन महिने राहिले. मुलगी नर्सिंगला गेली. मुलाला सुरुवातीला बापाची बस शाळेजवळून गेली की लाज वाटायची. ऑगस्टमध्ये तो एकदा पुढच्या सीटवर बसून आला, एवढंच ताईंनी वहीत टिपलं होतं.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला गेला. बहिणीचं नाव त्यात पहिल्यांदा आलं, आणि धाकट्या भावाने चार महिने फोन उचलला नाही. हे दुखणं अजून आहे.

आढाव्याच्या बैठकीत आईही बसल्या होत्या. आठ महिन्यांत त्यांना फारसं कुणी विचारलं नव्हतं, आणि ही या सगळ्या प्रक्रियेतली उणीव पाळकांनी मान्य केली. वह्या दोघांच्या होत्या, मुलांना चिठ्ठी दिली होती, आईंना अक्षर दिसत नाही म्हणून राहून गेलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही राहा इथं. मला मात्र तुझ्या बाबांच्या शेजारी माती पाहिजे. मला कधी नेतोस ते सांग.”

३० गुंठे त्यांचे आहेत, आणि धाकटा मुलगा फोन उचलत नाही. कागदावर पुढची तारीख लिहिली, १० फेब्रुवारी २०१९. त्यासमोर विषय एकच : आईंचं गावी जाणं. भावाकडे कोण जाणार, या रकान्यात ताईंनी स्वतःचं नाव घातलं.